पत्रिकेत ‘कनिष्ठ’ छापायचं का?

कळव्याहून 61 वर्षांच्या एका बाईंचं पत्र आलंय. फुलस्केपची सहा पानं, पाठपोट. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते.

बाई तीस वर्षं घरीच पाळणाघर चालवतात. यजमान 2009 साली गेले, तेव्हा पदरात दोन मुलगे. थोरला 2018 च्या जुलैमध्ये, कळवा ते ठाणे एवढ्याशा अंतरात, गर्दीच्या लोकलमधून पडून गेला. वय 26. त्या सकाळी दारात कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं, त्याला घेण्याच्या नादात त्या थोरल्याला ‘सावकाश जा’ म्हणाल्या नाहीत. ही गोष्ट पत्रात तीन ठिकाणी आहे. धाकटा आता 29 चा आहे, ऐरोलीला नोकरी करतो. ‘गाडीत बसलो’, ‘ठाणं आलं’, ‘पोचलो’, ‘निघालो’ असे त्याचे रोज चार मेसेज येतात. रात्री दोनच्या सुमारास बाई उठतात, त्याच्या खोलीच्या दाराशी उभं राहून श्वास ऐकतात आणि परत येऊन पडतात. सात वर्षांत याला खंड नाही. त्या स्वतः लोकलमध्ये त्यानंतर चढलेल्या नाहीत.

तुळशीचं लग्न झालं की धाकट्याचं लग्न आहे. मुलगी त्याच्याच ऑफिसातली. बाईंचा विरोध नाही, पण जसजशी तारीख जवळ येतेय तसतसा जीव घाबरा होतोय. लग्नानंतर ‘पोचलो’ हा मेसेज कुणाला जाणार? रात्री ते दार लागलेलं असणार, मग? त्याच्या फोनवर घणसोलीच्या फ्लॅटची जाहिरात दिसली, तो वेगळा राहणार का? दीर म्हणतात, रेल्वेची भरपाई मिळाली ती हॉलला वापरा आणि घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका. जाऊबाई म्हणतात, देवक बसवायला आम्ही जोडीनं बसतो, तुम्ही कशाला? आणि पत्रिकेच्या मजकुरावरून घरात अबोला आहे. सगळे म्हणतात नुसतं ‘चिरंजीव’ छापा, ‘कनिष्ठ’ छापलं तर लोक विचारतील, थोरले कुठे आहेत? शेवटी त्यांनी विचारलंय, ‘मी लग्न पुढे ढकलू का? माझ्या मनात एवढी भीती असताना शुभकार्य करणं बरोबर आहे का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. लग्न पुढे ढकलू नका. भीती जाईल आणि मग लग्न करू, असा विचार असेल तर ती वाट कुठेच पोचत नाही. सात वर्षं थांबून ती गेली नाही, आणखी सहा महिन्यांत जाईल असं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही.

एक कबुलीही देऊन टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका आईंना मी याच सदरात उत्तर दिलं होतं, ‘कशात तरी मन गुंतवा’. त्यांचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं: ‘मन म्हणजे काय लोकर आहे?’ तेव्हापासून तो सल्ला मी कुणाला देत नाही. तुम्हाला तर मुळीच देणार नाही. आठ पोरं सांभाळणाऱ्या बाईला गुंतायला आणखी काय हवंय?

आता त्या सकाळीकडे येऊ. तुम्ही ‘सावकाश जा’ म्हणाला नाहीत. मला सांगा, कळव्यात सकाळी सहा ते दहा या वेळात हे दोन शब्द किती दारांत म्हटले जात असतील? लोकल आधीच भरून येते म्हणून माणसं कारशेडपर्यंत चालत जाऊन तिथून गाडीत चढतात, असं हे कळवा. तिथल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी हे म्हणतंच. ज्या घरातला माणूस संध्याकाळी परत आला नाही, त्या घरातही सकाळी म्हटलेलं असतं. दारात लोंबकळणारी गर्दी, उघडं दार, पावसानं निसरडा झालेला दांडा, यांच्यातलं काहीच आईच्या तोंडून दोन शब्द निघाले म्हणून बदलत नाही. तुम्हाला हे कळत नाही असं नाही. पण हिशोब तुम्ही उलटा मांडून ठेवलाय. त्या दिवशी म्हटलं नाही म्हणून तो गेला, आणि तेव्हापासून रोज म्हणते म्हणून धाकटा आहे. चार मेसेज, रात्रीचं दोनचं उठणं, हे सगळं त्या हिशोबाच्या दुसऱ्या बाजूचं. तुम्ही पहारा देताय म्हणून तो सुखरूप आहे, असं आत कुठेतरी पक्कं बसलंय. मग लग्न म्हणजे काय होणार? पहारेकऱ्याची बदली. भीती वाटणारच.

लग्नाची भीती असं तुम्ही म्हणताय. मला ती पहारा सुटण्याची भीती वाटते. हा फरक मी उगाच काढत नाहीये. लग्नाचीच भीती असती तर उपाय मुलीत, मुहूर्तात, पत्रिकेतल्या ग्रहांत शोधावे लागले असते. पहारा मात्र तुमच्या हातात आहे, तो हळूहळू हलका करता येतो. आणि ही विद्या तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

तुमच्याच पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही वैतागून लिहिलंय, ‘हल्लीच्या आया दहा-दहा वेळा फोन करतात, जेवला का, झोपला का, रडत तर नाही ना’. वाचून मला हसू आलं, राग मानू नका. तीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी आई आपलं रडतं मूल तुमच्या हातात देते, तिचा पाय निघत नाही, आणि तुम्ही तिला सांगता, ‘मागे वळून बघू नकोस, तू दिसेनाशी झालीस की दोन मिनिटांत गप्प होतो.’ मग दार लावून घेता. ती आई जिन्यात दोन मिनिटं उभी राहत असणार, कान लावून. पण जाते, कारण तिचा तुमच्यावर भरवसा असतो. दार लागलं म्हणजे आतल्या मुलाला काही होत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवानं तुमच्याइतकं कोण जाणतं? फक्त आता जिन्यात तुम्ही आहात.

म्हणून दाराचं काम लग्नाआधी सुरू करा. त्याच दिवशी एकदम दार बंद झालं तर तुम्ही रात्रभर टक्क जाग्या राहाल आणि सकाळी सुनेकडे बघताना डोळ्यांत नको ते दिसेल. अजून काही आठवडे हातात आहेत. आधी धाकट्याला सांगा की मी रात्री उठून तुझ्या दाराशी येते. त्याला माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. पैजेवर सांगते, त्याला माहीत आहे आणि पुष्कळदा तो जागा असतो. आई परत जाऊन पडेपर्यंत श्वास नीट ऐकू जाईल असा घेत असेल, बिचारा. मग आठवडाभर दार अर्धं लोटून ठेवा. नंतर पूर्ण लोटा, कडी न लावता. मग कडी. उठावंसं वाटेल, उठा. पण दाराशी जाण्याऐवजी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्या, घड्याळ बघा, पंधरा मिनिटं बसा. भीतीची लाट चढते तशी उतरतेही, पण प्रत्येक वेळी दाराशी जाऊन आपण तिला उतरू देत नाही. पहिल्या चार-पाच रात्री वाईट जातील. खोटं कशाला सांगू?

मेसेजचंही तसंच. चारही एकदम बंद करू नका. ‘गाडीत बसलो’ आणि ‘ठाणं आलं’ हे दोन आधी सोडा, कारण ते तुम्हाला शांत करत नाहीत, पुढच्या मेसेजची वाट बघायला लावतात. ‘पोचलो’ राहू दे. लग्नानंतरही राहू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो बायकोलाही पाठवील, तुम्हालाही पाठवील, फोनला त्याचे जास्त पैसे पडत नाहीत. मात्र एक गोष्ट आधी ठरवून ठेवा: मेसेज आला नाही तर काय करायचं. एक तास थांबायचं. मग ऑफिसातल्या एकाच ठरलेल्या माणसाला फोन करायचा. टीव्ही लावायचा नाही, शेजारणीला हाका मारायच्या नाहीत. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घाबरल्यावर माणसाला सुचत नाही, लिहिलेलं असलं की हात आपोआप तिकडे जातो.

आता एक गोष्ट विचारते, जरा बोचेल. सहा पानांत ‘त्याला काही झालं तर’ हे शब्द मी मोजले नाहीत, पण पानोपानी आहेत. त्या मुलीचा उल्लेख चार-पाच ओळींत. आणि तिचं नाव कुठेच नाही. मी नाव छापणार नव्हतेच, पण तुम्हाला ते लिहावंसंही वाटलं नाही. ‘ती मुलगी’, ‘ती’, एके ठिकाणी ‘त्याची ती’.

तिच्याबद्दल जे लिहिलंय त्यात एक प्रसंग आहे. ती घरी आली होती, थोरल्याच्या फोटोपाशी थांबली आणि म्हणाली, ‘काकू, दादांचे आणखी फोटो आहेत का? अल्बम बघायला मिळेल?’ तुम्ही सांगितलंत, कपाटाची किल्ली सापडत नाही. किल्ली तुमच्या पदराला होती. तुम्हाला वाटलं, अजून माप ओलांडलं नाही आणि ही घरातल्या कप्प्यांत हात घालायला निघाली.

मला वेगळं वाटलं. सात वर्षांत तुमच्या घरी येणाऱ्या किती जणांनी थोरल्याबद्दल आपणहून काही विचारलं? नातेवाईक त्याचं नाव काढत नाहीत, तुम्हाला त्रास होईल म्हणून. धाकटा काढत नाही, कारण तुम्ही रडता. तुम्ही धाकट्यासमोर काढत नाही, कारण तो गप्प होतो. अशा घरात बाहेरून एक मुलगी येते, जिनं त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि म्हणते, मला बघायचेत. ताई, तो लहानपणी काय खायचा, कुणाशी भांडायचा, धाकट्याला सायकल शिकवताना दोघं कुठे पडले, हे पहिल्यापासून ऐकायला तयार असलेला नवा माणूस तुम्हाला यापुढे कितीसा मिळणार आहे? तिला बोलवा. धाकटा घरी नसताना. चहा टाका आणि अल्बम काढा. दीड तास पुरे. रडू आलं तर येऊ दे. तिनंही एक भीती घेऊन यायचंय, हे विसरू नका: ज्या घरात एवढं घडलंय तिथे मी हसले तर चालेल का? याचं उत्तर तिला फक्त तुम्हीच देऊ शकता.

हसण्यावरून आठवलं. राम मारुती रोडला साड्या घेताना तुम्ही खळखळून हसलात आणि घरी येऊन थोरल्याच्या फोटोपुढे माफी मागितलीत. नेदरलँड्समध्ये काम केलेले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट हे दोन संशोधक. त्यांनी 1999 मध्ये मांडलं की दुःखातला माणूस एका जागी बसून शोक करत नाही, तो येरझारा घालतो. घटकेत गेलेल्या माणसापाशी, घटकेत पुढच्या संसारापाशी. आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत. आपल्याकडच्या बायकांना हे कुणी कागदावर लिहून द्यायची गरज नव्हती म्हणा, तेराव्याला डोळे पुसत वरणाला फोडणी देणाऱ्या बाया आपण पाहिल्यात. पण साडीच्या दुकानात हसणं ही फितुरी नव्हती, एवढं लक्षात असू द्या.

धाकट्याविषयी दोन शब्द. तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ज्या दिवशी धाकटा थोरल्याच्या वयापेक्षा एका दिवसानं मोठा झाला, तो दिवस तुम्ही कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करून ठेवला होता आणि कुणाला सांगितलं नाही. त्यानंही बहुतेक मोजला असेल. 22 व्या वर्षापासून तो पोरगा दोन मुलग्यांचं काम एकटा करतोय. त्यानं पुण्याची बदली नाकारली, ‘स्वतःहून’ असं तुम्ही लिहिता. एकदा विचारा, खरंच स्वतःहून का? तक्रार किंवा रडारड नको, नुसतं विचारा. आणि त्याच बैठकीत घणसोलीचाही विषय तुम्हीच काढा. फोनवर चोरून पाहिलंय हे सांगून टाका, नाहीतर ते मनात कुजेल.

वेगळं राहावं की एकत्र, यावर मी सहसा एका बाजूला झुकत नाही. इथे झुकते. वन बीएचके घर, दिवसभर आठ पोरांचं पाळणाघर, रात्रीच्या आवाजांना टिपणारी आई आणि नवं जोडपं. मला ते एकत्र जमेलसं वाटत नाही. तुम्ही पाळणाघर बंद करून त्यांच्याकडे राहायला जाणं त्याहून वाईट, कारण मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्हाला मोजायला मेसेजच उरतील. त्यांना ऐरोली-घणसोलीकडे घर घेऊ द्या. कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्यानं विटावा, दिघा, ऐरोली, म्हणजे लोकलमध्ये न चढताही तुम्हाला जाता येतं, बस आहे, रिक्षा आहे. (पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की बोंब, पण ती सगळ्यांचीच.) वार ठरवून घ्या. शनिवारी ते येतील, बुधवारी संध्याकाळी तुम्ही जाल, असं काहीतरी. ‘या हं कधी’ यावर सोडू नका. वार ठरला नाही की दोन्हीकडे रुसवे सुरू होतात, हे मी भांडकुदळ आणि समजूतदार अशा दोन्ही घरांत पाहिलंय.

पैशाचं आणि घराचं मात्र मऊपणानं सांगत नाही. भरपाईचे 8 लाख हॉलला घालू नका. दीर वाईट आहेत असं नाही, पण ते पैसे कायद्यानं तुम्हाला, मुलाच्या आईला, मिळालेत आणि तुमच्या म्हातारपणाचे आहेत. तुम्ही साठी ओलांडलीय. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी हातात पडतं. 8.2 टक्के दर धरला तर 8 लाखांवर तिमाहीला 16,400 रुपये. या पैशाला हात लावला तर थोरल्याचा जीव विकून खाल्ल्यासारखं होईल, असं तुम्ही लिहिलंय. मुद्दल तसंच राहील, ताई. व्याजातून तुमची बीपीची औषधं आली तर त्याच्या कमाईतूनच आली असं समजा, जगता तर त्यानंच आणली असती. वाटलंच तर एका तिमाहीच्या व्याजातून सुनेला काहीतरी घ्या आणि सांगा, हे तुझ्या दिरांकडून.

(हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर: गाडीतून चुकून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर त्याचं कारण पटवून द्यावं लागतं. तिकीट किंवा पास, पंचनामा, यांच्या प्रती जपून ठेवा. दुःखात कागद फेकले जातात, नंतर पस्तावा होतो.)

घराचं असं आहे. घर यजमानांच्या नावावर होतं, मृत्युपत्र नव्हतं, सासूबाई त्यांच्या आधीच गेलेल्या. म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही आणि दोन मुलगे, प्रत्येकी एक तृतीयांश. थोरला अविवाहित गेला, त्याचा वाटा आईकडे आला. तेव्हा दोन तृतीयांश घर आज तुमचं आहे. लग्नाच्या गडबडीत, कुणाच्या घाईनं, बक्षीसपत्रावर सही करू नका. मुलावर अविश्वास म्हणून हे सांगत नाहीये. घाबरलेल्या माणसानं मोठ्या कागदावर सही करू नये म्हणून सांगते. पुढे मागे त्याला द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेतलेली बरी, आणि मन बदललं तर बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नसतं.

आता जाऊबाई. विधवा आईनं देवकाला बसू नये, हळदीला हात लावू नये, सूनमुख दुसऱ्या कुणी पाहावं. तुम्ही लिहिता, ‘मलाही वाटतं, माझी सावली नको.’ हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. शेतकऱ्यांचं एक गाव हे करू शकतं आणि आपण ठाणेकर, शिकलेसवरलेले, हळदीच्या वाटीपाशी अडतो! ज्या बाईच्या हातावर तीस वर्षांत कळव्यातली निम्मी पोरं मोठी झाली, तिच्या सावलीची भीती कुणाकुणाला आहे, त्यांची नावं मला कळवा.

पण भांडण नको असेल, आणि लग्नघरात ते नकोच, तर मुलाला पुढे करा. ‘सूनमुख माझी आईच पाहणार’ हे नवऱ्या मुलानं एकदा शांतपणे म्हटलं की विषय संपतो. देवकाला काका-काकू बसले तर बसू द्या, त्यांनाही हौस असते. हळद पहिली तुम्ही लावा, आरसा हातात तुम्ही धरा. आणि गुरुजींशी आधी बोला. अर्थ मराठीत सांगून विधी करणारे, त्यात बायकाही, आता ठाण्यात सहज मिळतात.

आणखी एक. शुभकार्यात मृत्यूची आठवण अशुभ, असं तुमच्या घरात सगळे धरून चाललेत. पण लग्नाआधीच्या विधींत पुण्याहवाचनाबरोबर नांदीश्राद्ध असतं. शब्द ऐका, श्राद्ध. मंगलकार्याच्या दारातच गेलेल्यांना बोलावून मान द्यायचा आणि मग पुढे जायचं. ते एकदा झालं की मध्ये सुतक आलं तरी कार्य अडत नाही, असंही शास्त्रच सांगतं. ज्यांनी हे रचलं त्यांना ठाऊक असणार की असं एकही घर नसतं जिथून कुणी गेलेलं नाही. तुमच्या यजमानांचं नाव तिथे घेतलं जाईल. थोरल्यासाठी फार काही मांडू नका. फोटोला हार, पुढे मोठी समई, असा देखावा मांडवात नको, त्यानं येणारा प्रत्येक पाहुणा आधी तुमचे डोळे बघेल. घरून निघण्याआधी तुम्ही, धाकटा आणि दीर-जाऊ, एवढेच त्याच्यापुढे उभे राहा, अक्षता वाहा, आणि निघा.

एक शेवटचं. सात वर्षं झोप मोडणं, लोकल स्थानकाच्या दिशेला न जाणं, ही नुसती आईची माया राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, त्यासाठी उपचार आहेत. तुम्हाला तो आहे असं पत्रावरून मी ठरवू शकत नाही, पण कुणाला तरी दाखवा एवढं नक्की म्हणेन. 14416 या टेली-मानस क्रमांकावर रात्री दोनलाही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दाराशी जाण्याऐवजी एखाद्या रात्री तो फिरवून बघा. ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद आपण ठाणेकरांनी आयुष्यभर ऐकलाय. 1901 सालापासून इथे मनोरुग्णालय आहे म्हणून. त्या विनोदापायी आपल्याकडची माणसं डॉक्टरांच्या पायरीला घाबरतात. तुम्ही घाबरू नका, धाकट्यालाही एकदा सोबत न्या. त्यानंही भाऊ गमावलाय, आणि त्याला ते अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

राहिली पत्रिका. ‘कै. अमुक व श्रीमती अमुक यांचे कनिष्ठ चिरंजीव’ असंच छापा. लोक विचारतील तर विचारू द्या. ‘थोरला 2018 मध्ये गेला’ एवढं एक वाक्य तुम्ही तयार ठेवा, दोन-चारदा आरशासमोर म्हणून बघा. सातव्या-आठव्या पाहुण्यापर्यंत आवाज कापायचा थांबेल. धाकटा आज 29 चा आहे, थोरला 26 चाच राहिला, तरी नात्यानं हा कनिष्ठच. नुसतं ‘चिरंजीव’ छापलंत तर ती पत्रिका प्रत्येक वेळी हातात घेताना तुमच्या बोटांना तो शब्द टोचेल, जो तिथे नाही.

प्रेसवाल्याला गुरुवारपर्यंत मजकूर हवाय, म्हणून हे उत्तर छापून यायच्या आधीच धाकट्याच्या पत्त्यावर पाठवतेय. प्रूफ आलं की होणाऱ्या सुनेला वाचायला द्या, आणि तिला सांगा, ‘कनिष्ठ’मधला ‘ष्ठ’ तेवढा नीट बघ. हमखास ‘कनिष्ट’ छापतात.